गोमंतकातील एका दिवसाच्या वाटा

आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत प्रवासाचा विषय निघाला म्हणजे बोलणे बहुधा लांबच्या गावांवरूनच सुरू होते. काशी, हंपी, आग्रा, रामेश्वर ही नावे आधी येतात. इतिहास पाहावयाचा तर वळकटी बांधून दोन रात्री गाडीत काढल्याखेरीज तो भेटावयाचा नाही, असा एक समज आपल्या मनात घर करून बसला आहे. इंग्रजी विद्येवर वाढलेल्या आमच्यासारख्यांची गोष्ट तर याहून मौजेची. टेम्स नदीच्या काठी कोणता राजवाडा कोणी बांधला हे आम्हांस पुस्तकातून पाठ. पण कुठ्ठाळीच्या धक्क्यावर उभे राहून समोरचा काठ कोणता आणि तो इतका जवळ असताना एके काळी परमुलूख का होता, हे विचारले तर आम्ही घसा खाकरणार!

गोवा हे क्षेत्रफळाने भारतातील सर्वांत लहान राज्य. एकंदर विस्तार ३,७०२ चौरस किलोमीटर. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर आणि समुद्रापासून सह्याद्रीपर्यंतची रुंदी साठाच्या आसपास. पहाटे घरून निघालेल्या मनुष्याने या राज्यातील कोणतेही स्थळ पाहून दिवेलागणीस परत यावे, इतका हा आटोपशीर प्रदेश. सहलीच्या दृष्टीने ही सोय मोठीच. परंतु आमचे म्हणणे त्याहून थोडे निराळे आहे. ‘एका दिवसात जाऊन यावे’ एवढे जे अंतर, ते गोमंतकाच्या इतिहासात निव्वळ सोयीचे नव्हते. किती माणसांचे आणि किती देवांचे दैव या एका अंतरावर अवलंबून राहिले, हे त्या वाटांवरून स्वतः गेल्यावाचून नीट ध्यानात येत नाही.

यासाठी जुनी सरहद्द डोळ्यांपुढे आणली पाहिजे. आज आपण ज्यास गोवा म्हणतो, तो सगळा मुलूख पोर्तुगिजांनी एकदम घेतला नाही. १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकेर्क याने आदिलशहाकडून गोवे शहर जिंकले, त्या वेळी त्याच्या हाती तिसवाडी आणि भोवतालची बेटे आली. बारदेश व सासष्टी हे दोन महाल १५४३ मध्ये त्यांस जोडले गेले. एवढ्यावर ते राज्य दोन शतकांहून अधिक काळ अडून राहिले. फोंडा हाती आला तो १७६३ मध्ये. डिचोली, सत्तरी, पेडणे त्याहूनही मागून, अठराव्या शतकाच्या अखेरच्या काही वर्षांत. म्हणजे तिसवाडी-सासष्टीतील मनुष्यास जुवारी किंवा मांडवी उतरून पलीकडे जाणे हे दोनशे वर्षे परराज्यात जाणे होते. नदी तीच, पाणी तेच, पलीकडच्या काठावरच्या माडांची झावळीही इकडून दिसणारी. पण कायदा निराळा, दैवत निराळे, आणि भीतीही निराळी.

पहिली वाट फोंड्याची. पणजीपासून मंगेशीस वीस-बावीस किलोमीटर. तेथून म्हार्दोळ अगदी लागून. पुढे बांदिवडे, रामनाथी, कवळे. एका सकाळीत ही सारी देवस्थाने पाहून होतात, आणि बहुतेक मंडळी ती तशीच पाहतात. नारळ, आरती, देवळाबाहेर चहा, पुढचे देऊळ. आम्हांस मात्र वाटते की, ही वाट उलट दिशेने धरावी. आधी सासष्टीतील कुठ्ठाळीस जावे, कारण मंगेश मूळचा तेथला, म्हणजे कुशस्थळीचा. महालसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा, महालक्ष्मी कोलव्याची. ही गावे एकमेकांस लागून आहेत. सोळाव्या शतकात तिसवाडीतील देवळे पडू लागली ती १५४० च्या सुमारास. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले. आणि १५६७ मध्ये सासष्टीतील देवळांचा संहार झाला. त्या दिवसांत ज्यांस जमले त्यांनी आपले देव उचलले आणि नदीपलीकडे नेले. मंगेशाचे स्थलांतर १५६० सालचे सांगतात.

ते देव कोठवर गेले, हे नकाशावर पाहण्याजोगे आहे. ते कोल्हापुरास गेले नाहीत, की घाटावर गेले नाहीत. खांद्यावरून व होडीतून एका रात्रीत नेता येईल आणि दुसऱ्या दिवशी मनुष्य घरी परतू शकेल, एवढ्याच अंतरावर ते थांबले. यात्रेस जाऊन रात्री आपल्या शेतावर परत यावयाचे होते. जमिनी तर मूळ गावातच राहिल्या होत्या. गावकरीची जी जुनी संस्था, जिच्या वहिवाटी पोर्तुगीज सरकारने १५२६ च्या सनदेत स्वतःच नोंदून ठेविल्या, तिच्यात ज्याचा हिस्सा, तो गाव सोडून किती दूर जाणार? देव दूर गेला तर भक्ती तुटते आणि माणूस दूर गेला तर जमीन तुटते. या दोहोंच्या मध्ये जे अंतर निघाले, तेच आजच्या फोंडे महालातील देवस्थानांचे अंतर होय.

या ठिकाणी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. कारण हल्ली इतिहासाचा उपयोग एकमेकांस टोचण्याकडे करण्याची हौस वाढली आहे. ज्या अंत्रुज महालात हे देव आश्रयास गेले, तो त्या वेळी कोणाचा होता? विजापूरच्या आदिलशहाचा. शिवाजीमहाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला तो १६७५ मध्ये. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ सासष्टीच्या देवांचा दिवा मुसलमान पातशाहाच्या मुलखात तेवत होता. आदिलशहास या देवांविषयी विशेष प्रेम होते असे आमचे म्हणणे नाही. शेजारच्या शत्रूकडून पळून आलेली रयत आणि तिचे देव यांस जागा देण्यात राजकारणही असेल. पण जागा दिली, हे खरे. ज्यांस आपला इतिहास एका रंगाने रंगवावयाचा आहे त्यांची या वाटेवर थोडी पंचाईत होते, आणि ती व्हावी हेच बरे.

देवळांच्या इमारती पाहिल्या म्हणजे आणखी एक नवल दिसते. आज उभी असलेली ही देवळे बहुतेक अठराव्या शतकातली व त्यानंतरची. मंगेशीस मराठ्यांनी १७३९ मध्ये गाव इनाम दिला तो रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या सांगण्यावरून. कवळ्याच्या देवळास शाहू महाराजांचे मंत्री नारो राम यांचे साहाय्य झाले. ही देवळे बांधणारा पैसा देशावरचा, दीपमाळेची कल्पना मराठी. पण गर्भगृहावरचा तो अष्टकोनी घुमट, ते कठडे, त्या कमानदार खिडक्या कोठल्या? त्या नदीपलीकडून आल्या. गवंड्याचा हात ज्या इमारतींवर बसला होता, त्या ख्रिस्ती मंदिरांच्या होत्या. ज्यांच्या भीतीने देव पळाले, त्यांच्याच कारागिरीचे अलंकार त्यांनी दोन शतकांनंतर अंगावर घातले. काही शुद्धतावादी मित्रांस हे खटकते. आम्हांस खटकत नाही. म्हार्दोळच्या प्रांगणातील पितळी समईसारख्या उंच दीपस्तंभापुढे उभे राहिल्यावर, कोणता अवयव कोणाचा याचा हिशेब मांडण्याची बुद्धी फार वेळ टिकत नाही.

देव गेले, माणसे राहिली, आणि त्यांच्या एका दिवसाच्या यात्रा सुरू झाल्या. १६२० च्या जानेवारीत निघालेल्या हुकुमाने पोर्तुगीज हद्दीत हिंदू रीतीने लग्न लावण्यास मनाई झाली. मग वऱ्हाडे सरहद्द ओलांडू लागली. विवाहासारखा प्रसंग, पोरीबाळी, म्हातारी माणसे, वाजंत्री, शिधा, आणि हे सारे होडीत घालून परमुलखात न्यावयाचे, मुहूर्त साधावयाचा व परत यावयाचे! आजच्या कार्यालयातील लग्नात पंखा फिरत नाही म्हणून कुरकुरणाऱ्या वऱ्हाडी मंडळींनी एकदा जुवारीच्या काठी बसून याचा विचार करावा. आणि केवळ हिंदूच जात होते असे नव्हे. जे ख्रिस्ती झाले त्यांतील पुष्कळांचे मन जुन्या कुलदेवतेकडे ओढ घेई, नवस फेडण्यास ते गुपचूप पलीकडे जात, आणि इन्क्विझिशनच्या दृष्टीने हा मोठा अपराध होता. हे न्यायासन मध्यंतरी काही वर्षांचा खंड पडून १८१२ मध्ये कायमचे उठले. पण वाट मोडली नाही. आजही फोंड्याच्या काही देवस्थानांत ख्रिस्ती मनुष्य ओटी घेऊन येतो, आणि त्यास कोणी ‘तू कोण’ म्हणून विचारीत नाही.

दुसरी वाट जुन्या गोव्यावरून दिवाडीची. पणजीहून रायबंदरास जाणारा रस्ता मुद्दाम पाहावा. कारण तो स्वतःच एक ऐतिहासिक वस्तू आहे. मिठागरांतून व दलदलीतून गेलेला सुमारे तीन किलोमीटरांचा हा बांध व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिस याने १६३३-३४ मध्ये घातला, आणि पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्यावरून आज मोटारी धावत आहेत. अलीकडच्या कंत्राटदारांनी त्यावरून एकदा पायी जावे.

जुन्या गोव्याविषयी येथे विस्तार करीत नाही; त्यावर पुस्तके उदंड आहेत. १६१९ मध्ये पूर्ण झालेले से कॅथेड्रल, ज्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला. १६०५ चे बॉम जेझूस, जेथे सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव आहे. आणि टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मठाचा तो अर्धवट बुरूज, इतके पाहिले तरी पुष्कळ. पहिल्या दोन ठिकाणी गर्दी असते. तिसऱ्या ठिकाणी वारा असतो. १८३५ मध्ये धर्मसंघ हाकलले गेले, १८४२ मध्ये मठाच्या देवळाचे छत पडले, आणि विसाव्या शतकात दर्शनी भिंतही गेली. ज्या शहराच्या भरभराटीसाठी कुठ्ठाळीचे देव परागंदा झाले, ते शहर रोगराईने ओस पडून अखेर १८४३ मध्ये राजधानीचा मानही पणजीकडे गेला. येथे काव्यात्म न्याय पाहण्याचा मोह होतो. पण रोगराईत मेलेली माणसे कोणाचीही असोत, ती माणसेच होती, म्हणून आम्ही तो मोह आवरतो.

जाता जाता एक सूचना. ‘वेल्हा गोवा’ म्हणजे हे पोर्तुगिजांचे जुने शहर. आणि ‘गोवा वेल्हा’ म्हणजे जुवारीकाठचे कदंबांचे गोपकपट्टण. दोन शब्दांची अदलाबदल आणि पाच शतकांचा फरक! भाड्याच्या मोटारीत बसण्यापूर्वी चालकास नीट सांगावे.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीस उतरले म्हणजे गर्दी पाठीमागे राहते. भातखाचरे, खाजणांचे बांध, टेकडीवर पिएदादचे देऊळ. याच बेटावर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर होते. कदंब राजे आपल्या नाण्यांवरही या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख करीत. या एका देवाच्या नशिबी जे आले, त्यात गोव्याचा सगळा मध्ययुगीन इतिहास येऊन जातो. चौदाव्या शतकात बहामनींच्या स्वारीत देऊळ मोडले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने देवाची पुन्हा स्थापना केली. १५४० च्या सुमारास पोर्तुगिजांनी ते पुन्हा पाडले. आणि लिंग नदी ओलांडून डिचोली महालात गेले. गावाचे नावही देवाबरोबर गेले. दिवाडीवर नार्वे, पलीकडेही नार्वे. दोहोंच्या मध्ये आजही फेरीबोट चालते, आणि चार शतकांपूर्वी देवाने जो प्रवास केला तो आपण काही मिनिटांत करतो.

पलीकडच्या नार्व्यास, झाडीत, डोंगराच्या पायथ्याशी ते देऊळ आहे. १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजीमहाराज या भागात आले होते, त्या वेळी त्यांनी या देवालयाच्या कामास आरंभ करविला. दारावर तसा शिलालेख आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. महाराजांचा त्या वेळचा बेत गोवेच काबीज करण्याचा होता. तो उघडकीस आल्याने सिद्धीस गेला नाही. राजकारण हुकले, देऊळ उभे राहिले. पुढे १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजीमहाराजांनी जुवे बेटावरचा किल्ला एका रात्रीत घेतला, तेव्हा राजधानी आता जाते असे वाटून व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेविला. जुवे, दिवाडी, जुने गोवे ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात येतात. कागदपत्रांवरून हा संबंध शोधून काढण्यात पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या पंडिताचे आयुष्य खर्ची पडले. आपणांस तो अर्ध्या दिवसात डोळ्यांनी पाहता येतो, म्हणून तरी पाहावा. नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार होऊन ते २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले.

सह्याद्रीच्या पायथ्याचे तांबडी सुर्ल तर अरण्यातच. काळ्या पाषाणाचे हे महादेवाचे मंदिर कदंब-यादव काळचे, लहानसे, जवळजवळ अखंड. गोमंतकात त्या काळचे असे दुसरे मंदिर धड उरले नाही. ते का वाचले? देवाचे सामर्थ्य अधिक म्हणून की काय? आमचे उत्तर साधे आहे. ते मांडवीच्या काठापासून एका दिवसाच्या टप्प्यात नव्हते. पोर्तुगीज शिपाई तेथवर पोचण्यास अठरावे शतक संपत आले, आणि तोवर देवळे पाडण्याचा आवेश ओसरला होता. ज्या अंतराने सासष्टीचे देव वाचविले, त्याच अंतराच्या दुप्पट-तिप्पट दुरीने सुर्लच्या महादेवास हलण्याची पाळीच आली नाही. आता रस्ता उत्तम आहे.

चांदोर मडगावपासून जवळच. गोपकपट्टणापूर्वीची कदंबांची राजधानी चंद्रपूर ती हीच. फादर हेरास यांनी येथे उत्खनन केले होते. शीर तुटलेला एक नंदी आणि पायांच्या रेषा, एवढेच आज दिसते. परंतु गावातील ख्रिस्ती मंडळी कार्निव्हलच्या दिवसांत हातात मुसळे घेऊन ‘मुसळ खेळ’ नाचतात. धर्म बदलून चार शतके झाली. राजधानी तर त्यापूर्वीच गेली. पाय मात्र ताल विसरले नाहीत.

आता कुंकळ्ळी. सासष्टीच्या दक्षिण टोकाच्या या गावाने कर नाकारला, देवळे मोडणाऱ्यांस अडविले. १५८३ च्या जुलैत पाच जेझुइट पाद्री नवे चर्च बांधण्यास जागा पाहावयास आले असता गावकऱ्यांनी त्यांस व त्यांच्याबरोबरच्या काही माणसांस ठार मारिले. त्यांत रुदोल्फो आक्वाविव्हा होता. अकबराच्या दरबारात जो तीन वर्षे वादविवाद करून त्याच वर्षी परत आला होता, तोच. अकबर त्याचे शांतपणे ऐकून घेत असे, आणि त्यास मृत्यू आला तो फत्तेपूर सीक्रीत नव्हे, तर सासष्टीच्या शेतात. पोर्तुगिजांनी मग गावच्या सोळा प्रमुखांस तहाच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि कापून काढिले. एक जण तेवढा निसटला म्हणतात. गावच्या जमिनी जप्त होऊन एका सरदाराच्या पदरात पडल्या. पाच पाद्र्यांस रोमने १८९३ मध्ये धन्यपद दिले. सोळा गावकऱ्यांचे स्मारक कुंकळ्ळीस उभे राहण्यास एकविसावे शतक उजाडले. दोन्ही स्मारके पाहावी. एकाच्याच दर्शनाने परत फिरणारा मनुष्य, मग तो कोणत्याही धर्माचा असो, अर्धा इतिहास घेऊन घरी जातो.

कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा फातर्प्यास गेली. हेही अंतर पायी एका सकाळीचे. १७६३ नंतर जेव्हा नव्या मुलखातही पोर्तुगीज आले, तेव्हा त्यांनी तेथील देवस्थानांस हात न लावण्याचे पत्करिले. १९१० च्या प्रजासत्ताकाने हिंदूंस समान हक्क दिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मंगेश, महालसा, शांतादुर्गा यांस परत जाण्यास आता कोणाचीच आडकाठी नव्हती. वेर्ण्यास महालसेचे नवे देऊळ उभे राहिले हे खरे; पण म्हार्दोळची महालसा म्हार्दोळलाच राहिली. चारशे वर्षांत आश्रयाची जागा हेच घर झाले. जुवारीवर पूल झाला, मांडवीवर १९७० मध्ये झाला, १९८६ मध्ये कोसळला, पुन्हा झाला. आणि जी नदी एके काळी दोन राज्यांस विभागीत होती ती आता मोटारीतून उतरल्यावाचून ओलांडता येते. मुलांस ती दिसतसुद्धा नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, निदान एकदा तरी फेरीबोटीने जावे.

फातर्प्याची देवी मात्र वर्षातून एकदा आपल्या मूळ गावी येते. शिगम्याच्या दिवसांत बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या, ज्यांस तेथे ‘साँत्र्यो’ म्हणतात, फातर्प्याहून निघतात. ढोल-ताशे, गुलाल, हजारो माणसे. वाटेत घराघरांतून माणसे बाहेर येतात, त्यांत ज्यांच्या गळ्यात क्रूस आहे तीही असतात. कारण वांगडांची ही बारा कुळे धर्मांतरापूर्वीची, आणि त्यांतील कित्येकांच्या दोन्ही शाखा आज त्याच गावात नांदत आहेत. रस्ता अरुंद आहे. छत्री खाली झुकली म्हणजे गुलाल उडतो, आणि कोणाच्या अंगावर पडला हे कोणी पाहत नाही. ज्यांस जावयाचे असेल त्यांनी मडगावहून सकाळची पहिली मोटार धरावी. नंतर कुंकळ्ळीच्या बाजारापुढे वाहन सरकत नाही.